पद्मिनीचे आरसे: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

उजवा पुढचा दरवाजा आज पत्र्यापर्यंत उघडा झाला. गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. आजोबांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. इंजिन (१०८९ सीसी) गेल्या वर्षीच उतरवून, नीट करून झालं, खालचा पत्राही झाला. आता दरवाजे आणि रंग.

आरशांचं काम मी यादीत अगदी शेवटी लिहिलं होतं. रंग झाला की बाजारातून एक जोडी आणायची आणि बसवायची, इतकाच विचार. पण मेस्त्रींनी पॉलिश पेपर मारता मारता मला हाक मारली. क्वार्टर काचेच्या (दरवाजाच्या पुढच्या टोकाची छोटी तिकोनी काच) खाली, जुन्या लांबीच्या, म्हणजे पुट्टीच्या, थराआड भोकं निघाली होती. एक नाही, दोन जोड्या. मागची जोडी गॅस वेल्डिंगने बुजवलेली, ओबडधोबड. ती नव्वदच्या दशकात बाबांनी लावलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या आरशाची, ते मला आठवतं. पुढची जोडी मात्र नुसत्या लांबीने भरलेली, कडा स्वच्छ, आणि तिच्याभोवती रंगाचा एक लंबगोल.

तो लंबगोल मी बराच वेळ बघत बसले. त्याच्या आत रंगाचा एकच थर, मूळचा फिकट निळा. बाहेर तीन थर. म्हणजे गाडीला पुढे दोनदा रंग मारला तेव्हा आरसा न काढता, त्याच्या पायाभोवतीच फवारा मारलेला. आळसात केलेल्या त्या कामामुळे आज मला आजोबांच्या आरशाच्या पायाचं माप मिळालं. मेस्त्रींना हात थांबवायला सांगितला. लंबगोलावर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलीने घासून छाप घेतला. लांबी ६२ मिमी, रुंदी ३० मिमी. दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर ३८ मिमी.

डाव्या दरवाजाला भोक नाही. कधीच नव्हतं.

९ जानेवारी

फोटोंचा डबा काढला. गाडीचे अकरा फोटो, त्यातल्या तीनच फोटोंत उजवी बाजू दिसते. सर्वांत कामाचा १९८१ चा, आत्याच्या लग्नातला. आजोबा दरवाजाला टेकून उभे आहेत आणि त्यांच्या कोपराच्या पुढे आरसा आहे: गोल डोकं, मागून वाटीसारखं फुगीर, पातळ वाकडी दांडी, छोटा पाय. भिंगाखाली धरून दरवाजाच्या हँडलच्या मापाशी ताडून पाहिलं. डोकं साडेचार इंचांच्या आसपास.

तेव्हाच्या बऱ्याच गाड्यांना असा चालकाच्या बाजूचा एकच आरसा असायचा. मागचं बघायला आतला आरसा, आणि डावीकडे बघायचं तर मान वळवायची. पद्मिनीची मागची काच चांगली मोठी, खांब बारीक, त्यामुळे भागायचंही.

आता भागत नाही. कोल्हापुरात सिग्नलला उभं राहिलं की डावीकडच्या फूटभर जागेतून दोन दुचाक्या पुढे जातात. शिवाय ही गाडी मी एकटी चालवणार नाही. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांची मान डावीकडे पुरती वळत नाही. गाडी तयार झाली की पन्हाळ्यापर्यंत आपणच न्यायची, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय. म्हणजे डावा आरसा लागणारच. तो असा हवा की उजव्याशेजारी परका वाटू नये, आणि बाबांना त्यात खरोखर दिसावं.

१८ जानेवारी

दोन दिवस मुंबईत होते, कामातून वेळ काढून ऑपेरा हाऊसच्या बाजूची दुकानं आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड दोन्ही पालथे घातले. पद्मिनीचं नाव काढलं की लोक हसून बोलतात, पण माल निघत नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली होती. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर दरवाजाची रबरं, हँडलं, दिव्यांच्या काचा सतत बनत होत्या, कारण रोज कुणाला तरी त्या लागत होत्या. आता ज्याला लागतात तो माझ्यासारखा वर्षातून एकदा येतो.

तरी तीन प्रकार हाती लागले. तिन्ही आणलेत, टेबलावर मांडलेत.

पहिला, नवीन बनावटीचा गोल क्रोम आरसा. सर्वांत स्वस्त, जोडीला साडेसहाशे. लांबून फोटोतल्यासारखाच. चुंबक लावला तर डोक्याला घट्ट चिकटला, म्हणजे साध्या लोखंडी पत्र्यावर क्रोम. आतल्या बाजूला वाटीच्या काठाशी क्रोम पोचलेलंच नाही, तिथे आत्ताच तांबूस ठिपके आहेत. एका पावसाळ्यात गंज बाहेर येईल. आपल्याकडचा पाऊस तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत.

दुसरा, स्टेनलेसचा, युरोपातल्या जुन्या गाड्यांसाठी बनवलेल्या नमुन्याचा. काम देखणं. चुंबक चिकटत नाही, बॉल जॉइंट (डोकं ज्यावर फिरतं तो गोळ्याचा सांधा) लोण्यासारखा फिरतो पण जागेवरून ढळत नाही. अडचण पायाची. डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीसाठी त्याचा कोन काढलाय. आपल्या उजव्या दरवाजावर धरला तर काच चालकाकडे न वळता मागच्या सीटकडे बघते, आणि तितकं वळवायला बॉलला जागाच उरत नाही. दांडी उलटी लावली तर डोकं खाली लोंबतं. डोळ्यांना आवडलेली वस्तू परत पाठवायची म्हणजे जड जातं, पण परत जाणार.

तिसरा, दुकानदाराने 'पितळेचा पाय, जुना माल' म्हणून दिलेला. पाय आणि दांडी एवढंच. त्याचा निकाल घरी.

२० जानेवारी

पितळ की जस्त, हे कसं ओळखायचं? दोन्हींना चुंबक चिकटत नाही आणि वरून दोन्हींवर क्रोम. पण पितळ खूपच जड असतं. आईचा स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला. मापाच्या उभ्या नळकांड्यात पाणी भरून त्यात पाय सोडला, पाणी १४ मिलिलीटरने चढलं. वजन ९२ ग्रॅम. भागाकार साडेसहाच्या वर. पितळ असतं तर साडेआठच्या जवळ आला असता. हा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव पाय आहे.

जस्त वाईट असं नाही, त्या काळी सगळ्या जगात गाड्यांची हँडलं आणि चिन्हं त्याचीच ओतत. पण क्रोमला बारीकशी चीर पडली की ओल आत शिरते, जस्त खालून खदखदतं आणि वर फोड येतात. असे फोड आलेला पाय पुन्हा क्रोम करायचा म्हणजे प्रत्येक खड्डा कोरून, तांब्याने भरून, पुन्हा घासायचा. आणि इतकं करूनही तो ठिसूळच राहतो. हे मी काल अनुभवलं. दांडीचा नट जरा जास्त आवळला आणि पायाचा कान टचकन तुटला. पैसे गेले, पण रंगवलेल्या दरवाजावर असं झालं असतं तर जास्त गेलं असतं.

यापुढे प्रत्येक वस्तूला चुंबक आणि पाणी, दोन्ही परीक्षा.

२ फेब्रुवारी, रविवार

पुण्याचा जुना बाजार. सकाळी साडेआठला मंगळवार पेठेत पोचले. भांडी, घड्याळं, रेडिओचे सांगाडे, नळाच्या तोट्या यांच्यामधून वाकून वाकून दोन तास फिरले. गाडीच्या सामानाच्या एका ताडपत्रीवर, दिव्यांच्या रिंगांच्या ढिगाखाली एक गोल आरसा. काच काळवंडलेली, काठाने पारा उडालेला, क्रोम निम्मा गेलेला. पण जिथे क्रोम गेला होता तिथे पिवळं दिसत होतं.

खिशातला ट्रेसिंग पेपर काढून पायाला लावला. लंबगोल जुळला. भोकं जुळली. अगदी ३८.

किमतीवर घासाघीस करायचं मला सुचलंच नाही, त्यांनी चारशे सांगितले आणि मी दिले. घरी येऊन पाण्यात घातला: पाय ११८ ग्रॅम, पाणी तेच १४. पितळ.

एकच आहे. जोडी असणं शक्यच नव्हतं, उजवा तेवढाच असायचा ना.

६ फेब्रुवारी

डाव्याचं काय करायचं यावर आज मेस्त्री, बाबा आणि मी चहावर बसलो. तीन मतं.

बाबांचं मत, मडगार्डवर आरसा लावावा. चालकाच्या समोर येतो, मान जराही वळवावी लागत नाही. मुद्दा बरोबर आहे. पण काच डोळ्यापासून इतकी लांब जाते की त्यात फार थोडं दिसतं, कुणाचा धक्का लागून हलला की उतरून पुढे जाऊन सारखा करावा लागतो, आणि या गाडीच्या मडगार्डला कधीच भोक नव्हतं.

माझं मत, दरवाजाच्या कडेला चिमटा बसणारा आरसा. भोक नको, उद्या काढला तर खूण उरणार नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची विंटेज म्हणून नोंद करता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा ही त्यातली अट. आमची गाडी २०२८ मध्ये पन्नाशीची होईल. ती नोंद मी करणार नाही, कारण मग गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा ठराविक कामांनाच रस्त्यावर काढता येते, आणि मला ती चालवायची आहे. तरी मूळ पत्रा जपायची वृत्ती माझ्यातही आहेच.

मेस्त्रींनी चिमटा हातात घेतला, दरवाजाच्या कडेवर बसवला, दरवाजा चार वेळा आपटला आणि काढून दाखवला. प्रायमरवर दोन ओरखडे. "ताई, ह्यो दर वेळी कडेचा रंग खानार. तिथनंच पानी शिरतंय, आन् गंज लागला की भोकापेक्षा मोठ्ठं काम. भोक पाडून, आतनं प्रायमर मारून, रबर घालून बसवलेला आरसाच पत्र्याला बरा." मग ड्रिलकडे हात न नेता म्हणाले, "पन आज न्हाई. आधी कागदाचा लावा, चार दिस बघा."

१० फेब्रुवारी

काचेचा प्रश्न. उजव्याची मूळ काच सपाट होती. डावीही सपाट घ्यावी की फुगीर? आज मोजूनच काढलं.

अंगणात गाडी उभी करून मी सीटवर बसले. डाव्या दरवाजावर, उजव्या भोकांच्या समोरासमोरच्या जागी, लाकडी ठोकळ्यावर साडेचार इंची सपाट आरसा दुहेरी टेपने लावला. गाडीच्या मागे दहा मीटरवर खडूने आडवी रेघ मारून तिच्यावर दर पाव मीटरला खुणा केल्या. एक डोळा मिटून बघायचं, भाचा रेघेवरून काठी घेऊन चालणार, काठी आरशात शिरली की "आली", बाहेर गेली की "गेली".

उजवा सपाट: सुमारे पावणेदोन मीटरची पट्टी दिसते.
डावा सपाट: जेमतेम एक मीटर.

काच तीच, मग निम्मं का? कारण उजवा आरसा डोळ्यापासून हातभर अंतरावर आहे, डावा त्याच्या जवळजवळ दुप्पट लांब, आणि तिरपाही जास्त. खिडकीपासून मागे सरकत गेलं की बाहेरचं कमी दिसतं तसंच हे. एका मीटरच्या पट्टीत अख्खी रिक्षासुद्धा मावत नाही.

मग फुगीर काच. ट्रकच्या आरशाची एक मोठी काच गॅरेजमध्ये पडून होती. तिचा फुगवटा मोजायला पोलादी पट्टी काचेवर आडवी, तिच्या कडेवर उभी धरली. ती मधे टेकते, दोन्ही टोकांना फट राहते. मध्यापासून ५० मिमीवर दोन्ही बाजूंना फीलर गेज (फट मोजायची पातळ पोलादी पानं) घातला, १ मिमीचं पान नेमकं बसलं. ५० चा वर्ग भागिले फटीची दुप्पट, म्हणजे २५०० भागिले २: त्रिज्या १२५० मिमी. आजच्या गाड्यांच्या आरशांचीही साधारण याच घरातली असते. याहून जास्त फुगीर काच घेतली तर जास्त दिसेल, पण सगळं मुंग्यांएवढं.

ठोकळ्यावर ती काच, साडेचार इंची गोल कागदी चौकट लावून: तीन मीटरच्या वर.

बाबा सीटवर बसले आणि लगेच म्हणाले, "यात तुझा भाचा गेटाबाहेर उभा दिसतोय." बरोबर आहे. फुगीर काचेत वस्तू लहान दिसते म्हणून लांब वाटते, आणि ज्यांनी चाळीस वर्षं सपाट आरशात बघून ओव्हरटेक केलंय त्यांचा अंदाज चुकू शकतो. यावर आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी ठरलं ते असं: ओव्हरटेकला लागतो तो उजवा, तिथे अंतराचा अंदाज खरा हवा, म्हणून सपाट, जसा होता तसा. डावीकडे 'किती लांब' यापेक्षा 'कुणी आहे का' हे आधी कळायला हवं. तिथे फुगीर.

१९ फेब्रुवारी

कोल्हापुरातल्याच शिवाजी उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, दिवस गेला. डाव्यासाठी पाय आणि दांडी पितळेचीच करून घ्यायची ठरवली, उजव्याची आरशातली प्रतिमा. नुसती नक्कल चालणार नव्हती. पायाची खालची बाजू दरवाजाच्या फुगवट्याला बसते, म्हणून तो उलट्या बाजूने घासावा लागतो, आणि बॉलचा कोन वेगळा, कारण काच चालकाकडे बरीच जास्त वळते. कागदाच्या लगद्याचा नमुना करून चार दिवस दरवाजावर ठेवला होता, त्यावरून कोन घेतला. ओतकाम करणाऱ्यांनी वाळूच्या साच्यात दोन पाय ओतले, एक जादा. वाटीसाठी पहिल्या स्वस्त आरशाचा लोखंडी पत्रा नको म्हणून पितळी पत्र्याची वाटी लेथवर साच्यावर दाबून घेतली. लेथवाल्यांनी पहिली वाटी फाडली, दुसरी करताना मधे दोनदा तापवून मऊ करून घेतली आणि ती उतरली. बघत राहावं असं काम.

२६ फेब्रुवारी

क्रोमवाल्यांकडे दोन्ही संच दिले. त्यांनी एक गोष्ट समजावली ती लिहून ठेवते. क्रोमचा थर अगदी पातळ असतो, चमक त्याची नसतेच. खाली बफिंग कसं झालंय आणि निकेल किती जाड बसलंय यावर सगळं ठरतं. स्वस्त आरशांवर निकेलच वाचवलेलं असतं. जुन्या आरशाचा उरलेला क्रोम आणि निकेल आधी उतरवणार, मग बफ, मग निकेल, शेवटी क्रोम. फार आरशासारखं लखलखीत करू नका, असं मी सांगितलं. हँडलं मूळची आहेत, त्यांच्या शेजारी नवं ओरडायला नको.

८ मार्च

आले. उजवा हातात घेतला तेव्हा जुन्या बाजारातली ती वस्तू हीच, हे पटायला वेळ लागला. पायाच्या खाली, जिथे दिसत नाही, तिथे घासल्याच्या जुन्या खुणा राहू दिल्यात.

काचा: उजवीकडे ३ मिमीची नवी सपाट, डावीकडे ट्रकच्या काचेतून गोल कापलेली. फुगीर काच कापणं सोपं नाही, पहिली तडकली. कापलेल्या कडेला लगेच लॅकर लावलं, नाहीतर पारा कडेकडूनच काळा पडत जातो. मागे दमट धरू नये म्हणून वाटीच्या खालच्या अंगाला २ मिमीचं भोक. त्या जुन्या आरशाला ते होतंच, मातीने बुजलं होतं.

११ मार्च

डाव्या दरवाजाला भोकं पाडली. सेंटर पंच मारण्याआधी माप तीन वेळा घेतलं: क्वार्टर काचेच्या चौकटीपासून, दरवाजाच्या पुढच्या कडेपासून, वरच्या रेषेपासून. मेस्त्रींनी ड्रिल माझ्या हातात दिलं. पाडली. कडांना रेडऑक्साइड, गंज रोखणारा प्रायमर.

रंगाआधीच, प्रायमरवर बसवून महामार्गाने कागलपर्यंत गेलो. उजवा स्थिर. डावा साठच्या पुढे थरथरतो, इतका की मागच्या गाडीचे दोन दिवे एक होतात. बॉल घट्ट आहे, दांडी घट्ट आहे. हात लावून पाहिलं तर पत्राच हलतोय. उजव्याला का नाही? दरवाजाचा आतला पुठ्ठा काढून टॉर्च मारला: उजवीकडे भोकांमागे पट्टी जोडलेली आहे. १९७८ पासून ती तिथे आहे आणि आम्हाला माहीत नव्हती.

१४ मार्च

तिच्याच मापाची दीड मिमी जाड पट्टी कापून, तिला मागून दोन नट वेल्ड करून, रंगवून डावीकडे आतून बसवली. पायाखाली २ मिमी रबराचं गॅस्केट, ट्रेसिंग पेपरवरच्या लंबगोलातूनच कापलेलं. पितळ आणि लोखंडी पत्रा थेट एकमेकांना लागले आणि मधे पाणी आलं की पत्रा आधी खाल्ला जातो, म्हणून बोल्टलाही रबरी बुच.

पुन्हा कागल. ऐंशीलाही दिवे दोनच्या दोन. आरसे काढून दरवाजे रंगाला पाठवले.

३० मार्च, गुढीपाडवा

रंग वाळून आठ दिवस झाले. सकाळी गुढी उभारली आणि मग आरसे बसवले. उजव्याचा पाय त्या लंबगोलावर टेकला. लंबगोल आता रंगाखाली गेलाय, पण जागा तीच.

बाबांनी गाडी घेतली. पन्हाळ्याच्या वाटेवर, वाघबिळाच्या चढावर हँडगिअर (स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा) दुसऱ्यावर आणला तेव्हा डावीकडून एक मोटारसायकल घुसत होती. बाबांनी मान वळवली नाही, नुसते डोळे नेले, आणि जरा उजवीकडे सरकून तिला जाऊ दिलं. मागच्या सीटवरून मला ती दिसलीच नव्हती.

उतरताना ते म्हणाले, डावा अर्धा बोट खाली हवा. केला.

ट्रेसिंग पेपर, डाव्या कोनाचा लगद्याचा नमुना आणि ओतलेला जादा पाय एका पिशवीत घालून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवलेत. पुढचं काम: क्वार्टर काचांची रबरं. डावीकडून शिट्टीसारखा वारा येतोय.